आधी कारण, मग गॅस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी बोलावयास एखादी विदुषी यावी, तिने संतवाङ्मयावर किंवा बालसंगोपनावर चार शब्द सांगावेत, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. या वर्षी ती मोडून चिटणीसबाईंनी पाना-पक्कड हाती धरणाऱ्या एका बाईला उभे केले आहे. मी त्यांना म्हटले, "अहो, मला भाषण कुठले यायला? मला फार तर ए.सी. दुरुस्त करता येतो." त्यावर त्या म्हणाल्या, "मग त्यावरच बोला. हल्ली घरोघरी तेच दुखणे आहे." तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते भाषण नव्हे, गेल्या अनेक उन्हाळ्यांचा हिशेब आहे. त्या हिशेबात माझ्या स्वतःच्या दोन चुकाही आहेत. त्या मी लपविणार नाही, कारण त्या चुकांतूनच मला सांगण्यासारखे काही मिळाले.

आपल्यापैकी पुष्कळ जणी माझ्या गिऱ्हाईक आहेत, त्यामुळे माझी कथा आपणांस ठाऊकच आहे. माझ्या यजमानांनी 1994 साली येथे रत्नागिरीत दुरुस्तीचे दुकान काढले. त्या वेळी दुकानात काम यायचे ते बहुतेक फ्रीजचे. ए.सी. म्हणजे बँक, मोठे हॉटेल किंवा डॉक्टरांची खोली. 2006 साली यजमान ध्यानीमनी नसता गेले. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. तोवर मी दुकानाची फक्त वही लिहीत असे. दुकान विकावे, असे सगळ्यांनी सांगितले. एकटे दुकानातले म्हातारे मिस्त्री म्हणाले, "वहिनी, तुम्ही वही लिहिता ना? मशीनसुद्धा वहीच आहे. जमा कुठे, खर्च कुठे, गळती कुठे, एवढेच बघायचे." त्या एका वाक्यावर मी दुकान ठेवले आणि त्यांच्या हाताखाली शिकायला बसले. आज ते मिस्त्री नाहीत, पण त्यांचे ते वाक्य मी अजून दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगते.

आता प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू. आपला समज असा की, ए.सी. थंडी तयार करतो. तसे नाही. फरशीवर पाणी सांडले तर आपण काय करतो? फडक्याने टिपतो, मोरीत जाऊन पिळतो, आणि तेच फडके पुन्हा फरशीवर टाकतो. ए.सी. हेच करतो, फक्त पाण्याच्या जागी उष्णता समजा. नळ्यांतून फिरणारा गॅस हे त्याचे फडके. घरातल्या नळ्यांत तो खोलीची उष्णता टिपून घेतो, बाहेरच्या पेटीतला कॉम्प्रेसर त्याला दाबतो, म्हणजे जणू पिळतो, आणि टिपलेली उष्णता बाहेरच्या हवेत सोडून तो पुन्हा आत येतो. हे फडक्याचे उदाहरण लक्षात असू द्या. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

पण आपल्या कोकणात या यंत्राला आणखी एक काम असते आणि ते अधिक जड आहे. नागपुराकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. आपल्याकडे तो 33-34 च्या आसपास असतो. तरी नागपूरची पाहुणी आपल्याकडे आली की म्हणते, "बाई गं, तुमच्याकडे जीव नकोसा होतो." याचे कारण हवेतला ओलावा. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातो. आपल्याकडे हवाच पाण्याने भरलेली. घाम वाळणार कुठे? तो नुसता निथळत राहतो. म्हणूनच वाळ्याचा किंवा गवताच्या जाळीचा कूलर विदर्भात स्वर्गसुख देतो, आणि तोच कूलर हौसेने येथे आणला तर खोलीत दमट कोंडवाडा होतो. पाण्याने भरलेल्या हवेत आणखी पाणी घालून गारवा कसा येणार?

आपणांस गंमत वाटेल, पण हे यंत्र मुळात माणसाच्या सुखासाठी जन्मलेच नाही. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्यात रंगीत छपाई चाले. दमट हवेने कागद फुगे, एकावर एक छापायचे रंग जागचे हलत आणि चित्र बिघडे. विलिस कॅरियर नावाच्या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअराने त्यावर उपाय म्हणून हवेतील ओलावा आवरणारी यंत्ररचना आखली. आजच्या ए.सी.चा वंश तेथून सुरू होतो. म्हणजे हे यंत्र प्रथम हवा सुकविण्यासाठी निघाले आणि मागाहून आपल्याला गारवा देऊ लागले. आपल्या समुद्रकाठी त्याचे हे मूळचे काम विसरून चालत नाही, आणि त्याची निम्मी दुखणीही त्या कामातूनच येतात.

आता माझी पहिली चूक सांगते.

आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांचे यजमान अर्धांगवायूने बिछान्याला खिळलेले. घामाने त्यांच्या पाठीला जखमा होत, म्हणून डॉक्टरांनी खोली कोरडी आणि गार ठेवावयास सांगितले होते. बाईंनी पेन्शनमधून साठवून ए.सी. घेतला. पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात हवा गार येईना. आमचा माणूस गेला, गेज लावून पाहिले, गॅस कमी होता. भरला आणि पैसे घेऊन आला. तिसऱ्या उन्हाळ्यात तेच. चौथ्या उन्हाळ्यात बाईंचा फोन आला तेव्हा माणसाबरोबर मी स्वतः गेले. गॅसची टाकी जिन्यातून वर येताना पाहून बाई मला म्हणाल्या, "अगं, स्वयंपाकघरातला गॅस संपतो तो आपण जाळतो म्हणून. हा तुझा गॅस कोण जाळतो?"

मैत्रिणींनो, मी गप्पच झाले. कारण उत्तर मला ठाऊक होते. हा गॅस कोणी जाळीत नाही. फरशी पुसून फडके संपत नाही, तसा हा गॅस काम करून संपत नाही. बंद नळीत तो वर्षानुवर्षे फिरत राहावयाचा. तो कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. वहीत शिल्लक कमी पडली तर मी रात्र जागून चूक शोधीत असे. आणि येथे दोन वर्षे शिल्लक कमी पडत असता मी दरवर्षी वरून भर घालीत होते व त्याचे पैसे बाईंकडून घेत होते. यात लबाडी करावी असे मनात नव्हते. मे महिन्यात दिवसाला पंधरा फोन. गॅस भरणे अर्ध्या तासाचे काम, गळती शोधणे अर्ध्या दिवसाचे. गिऱ्हाईक घाईत आणि आम्हीही घाईत. पण हेतू वाईट नव्हता म्हणून बाईंच्या पेन्शनला पडलेले भोक बुजत नाही.

त्या दिवशी मी बाकीची कामे पुढे ढकलली. पाइपाच्या जोडांवर साबणाचा फेस लावला. बाहेरच्या पेटीजवळ एका जोडावर तेलकट काळा डाग होता, त्यावर धूळ चिकटलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही थोडे फिरत असते. जिथून गॅस झिरपतो तिथे ते असे डाग ठेवून जाते. त्याच जोडावर फेसाचा बारीकसा बुडबुडा फुगू लागला. पितळी नटाखाली तांब्याच्या नळीचे तोंड नीट पसरलेले नव्हते. ते तोंड कापून नव्याने केले. बाईंच्या यजमानांची खोली त्यानंतर पुन्हा गॅस न भरता कोरडी राहिली. मागच्या दोन्ही भरण्यांचे पैसे मी त्यांना परत नेऊन दिले. त्यांनी ते मोजून घेतले आणि मग चहा टाकला. मला त्यांचे ते मोजून घेणे फार आवडले.

तेव्हापासून आमच्या दुकानाची पाटी झाली, 'आधी कारण, मग गॅस'. आपल्याकडे कोणी माणूस आला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "ताई, गॅस गेलाय, भरावा लागेल," तर त्याला नम्रपणे त्या बाईंचाच प्रश्न विचारा, "गेला कुठून?" चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते.

गळती काढली म्हणजेही काम संपत नाही. आधी नायट्रोजन भरून नळी दाब धरते की नाही ते पाहावयाचे. काही अडाणी माणसे नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरतात. नळीतल्या तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होतो; माणसे दगावतात. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून नळीतली सगळी हवा खेचून काढावयाची. आपल्याकडे याचे महत्त्व दुप्पट आहे, कारण आपल्या हवेबरोबर पाणीही नळीत शिरते. ते पाणी आत राहिले तर बारीक नळीत गोठून वाट अडवते, शिवाय तेल व गॅस यांच्याशी मिळून आम्ल तयार होते आणि ते कॉम्प्रेसरला आतून खाते. पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा हाकलली की वेळ वाचतो, पण पुढच्या वर्षी यंत्र जाते. आणि गॅस भरावयाचा तो यंत्रावर लिहिला असेल तितका, वजनकाट्यावर मोजून. आपण साखर अंदाजाने घेत नाही, मग हा का घ्यावा?

आता एक फसवी गोष्ट. घरातल्या पेटीत बर्फ धरला की सगळे म्हणतात, गॅस कमी. कधी ते खरे असते. पण आतली जाळी धुळीने गच्च भरली, तरीही बर्फच धरतो; कारण खोलीची ऊबदार हवा नळ्यांपर्यंत पोचतच नाही. लक्षण एकच, कारणे दोन. एकाला अर्धा दिवस आणि हजारो रुपये लागतात, दुसऱ्याला नळाखाली धरलेली जाळी आणि दहा मिनिटे. तेव्हा माणूस बोलावण्याआधी यंत्र बंद करा, बर्फ वितळू द्या, जाळी काढून साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि मग पाहा. आपल्या दमट हवेत धूळ कोरडी उडून जात नाही, ती चिकटून बसते. म्हणून उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी जाळी धुणे हा देवघर पुसण्याइतका नित्याचा नेम असावा.

पाण्याची गोष्ट तर आपल्या चाळीचाळींतून आणि सोसायट्यांतून गाजते आहे. मघाशी सांगितले की, हे यंत्र हवा सुकवते. ते हवेतून काढलेले पाणी जाणार कुठे? दीड टनाचे यंत्र दमट दिवसांत तासाला लिटरभर, कधी त्याहून अधिक पाणी काढते. रात्रभरात बादली भरते. (टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे बरे का! एका ताईंनी मला काळजीने विचारले होते की, भिंत दीड टन कशी पेलेल? एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता घेतो, तितकी ओढून नेण्याची शक्ती म्हणजे एक टन. बर्फाच्या व्यापाराच्या काळातले माप अजून चालू आहे, इतकेच.) हे पाणी एका पन्हळीत पडून नळीने बाहेर जाते. काळोख, ओल आणि धूळ मिळाली की नळीत बुळबुळीत थर धरतो, नळी तुंबते आणि पाणी आपल्या भिंतीवरून ओघळते. नळी मोकळी असेल तर ते खालच्या बिऱ्हाडाच्या वाळवणावर पडते. कुरडया भिजल्या म्हणून दोन शेजारणींचे बोलणे सहा महिने बंद झालेले मी पाहिले आहे. मी गेले, वरच्या मजल्यावर नळीत जोराने पाणी मारून ती साफ केली, तिला उतार दिला आणि तिचे तोंड मोरीच्या पाइपात सोडले. तासाभराचे काम. कुरडयांचे मात्र मला काही करता आले नाही. ते त्या दोघींनी पुढच्या वर्षी एकत्र घालून मिटविले.

पुष्कळांना वाटते, मोठे यंत्र घ्यावे, लवकर गार होईल. आपल्या हवेत हा विचार उलटा पडतो. लहान खोलीत मोठे यंत्र खोली झटकन गार करून थांबते. ओलावा काढण्याइतका वेळ ते चालतच नाही. मग खोली थंड पण ओलसर राहते, कपाटातल्या साड्यांना बुरशी येते आणि आपण पुन्हा म्हणतो, यंत्र बिघडले. यंत्र ठीक असते, माप चुकलेले असते. जोडीला पंखा हळू ठेवावा आणि अंश फार खाली नेऊ नये. सरकारच्या ऊर्जा बचत खात्याने 1 जानेवारी 2020 पासून तारांकित यंत्रे मुळात 24 अंशांवर लावून देण्याचा नियम केला, तो उगीच नाही. त्यांच्या सांगण्याप्रमाणे एक अंश वाढविला की वीज सुमारे सहा टक्के वाचते.

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याची करामत तर आपल्या खिडकीचे गजच सांगतात. बाहेरच्या पेटीत तांब्याच्या नळ्यांवर अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि वर खारट ओल, एवढ्यावर अॅल्युमिनियम झिजून पिठासारखे पांढरे होते. यावर साधे औषध म्हणजे बाहेरच्या पेटीला मधून मधून गोड्या पाण्याने आंघोळ. तीव्र आम्लाने धुऊन चकाकी आणणारे भेटतात. ती चकाकी पट्ट्यांचे आयुष्य खाते. बाकी किरकोळ दुखणी म्हणजे पालीबाई सर्किटवर चढून दोन तारांना टेकतात आणि स्वतःबरोबर सर्किटही नेतात. किंवा कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो पण फिरत नाही, तेव्हा बहुधा कपॅसिटर नावाचा लहानसा डबा गेलेला असतो. तो काही शे रुपयांचा भाग आहे. 'कॉम्प्रेसर बदला' असे कोणी सांगितले, तर आधी कपॅसिटर तपासला का, हे अवश्य विचारा. मात्र तो स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही त्यात धक्का साठून राहतो.

आता दुसरी चूक. ती सांगताना अजूनही माझा आवाज नीट राहत नाही, म्हणून थोडक्यात सांगते.

2011 सालचा मे महिना. एका घरी लग्न, पाहुणे आलेले, तिसऱ्या मजल्यावरचा ए.सी. बंद. सकाळपासून चार फोन आले. बाहेरची पेटी खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर टांगलेली. आमच्या दुकानात एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता, हुशार, हाताला चपळ, मला काकी म्हणायचा. त्याने विचारले, "काकी, पट्टा घेऊन जाऊ?" पट्टा दुसऱ्या कामावर गेला होता. मी म्हटले, "अरे, पाच मिनिटांचे काम. सांभाळून कर आणि ये." मी म्हटले. दुसरे कोणी नव्हे.

त्याने स्टँडवर पाय ठेवला. खाऱ्या हवेने स्टँडचे बोल्ट आतून खाल्लेले, वरून रंग शाबूत. बोल्ट तुटला. पहिल्या मजल्याच्या पत्र्यावर तो पडला म्हणून जीव वाचला. पाय दोन ठिकाणी मोडला, मणका दुखावला. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर तो मला पहिले वाक्य काय बोलला असेल? "काकी, गेज फुटलं काय?"

त्याची आई बाजूला बसली होती. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

सहा महिने तो अंथरुणावर होता. आजही किंचित लंगडतो. त्याचा औषधपाण्याचा खर्च दुकानाने केला, त्यात मी मोठेसे काही केले नाही. ते देणेच होते. उंचावर तो आता जात नाही. टेबलापाशी बसून सर्किट दुरुस्त करावयास शिकला, आणि आज आमच्याकडे त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नाही. पण हे त्याचे कर्तृत्व आहे. त्याने माझी चूक झाकली जाऊ नये.

त्या दिवसापासून आमच्या दुकानात नियम आहे. पूर्ण अंगाचा पट्टा नाही, तर खिडकीबाहेर पाऊल नाही. पट्टा बांधावयाचा तो घराच्या पक्क्या भागाला. खिडकीच्या गजाला नाही, आणि यंत्राच्या स्टँडला तर मुळीच नाही. बरोबर दुसरा माणूस आत हवाच. या नियमाने आमची काही गिऱ्हाइके गेली. "दुसरा दुकानदार लगेच करून देतो," असे ती म्हणाली. देत असेल. मी आता लगेच करून देत नाही.

मैत्रिणींनो, या दोन चुका मला वेगळ्या वाटत नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, 'पाच मिनिटांत उरका'. पहिलीत त्या घाईची किंमत एका वृद्ध बाईच्या पेन्शनने दिली, दुसरीत एका मुलाच्या पायाने. आणि ही घाई एकट्या दुकानदाराची नसते. उकडू लागले की आपणही फोनवर म्हणतो, "अहो, आत्ताच्या आत्ता माणूस पाठवा." त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी मुलगा छज्ज्यावर उभा असतो.

म्हणून मंडळातील प्रत्येकीला माझे मागणे आहे. नवे यंत्र बसवाल तेव्हा बाहेरची पेटी गॅलरीत किंवा गच्चीवर, जिथे माणूस दोन्ही पायांवर उभा राहू शकेल आणि गरम हवा मोकळी सुटेल, अशा जागी बसवा. घराची शोभा जरा कमी झाली तरी चालेल. जुने यंत्र टांगलेले असेल तर त्याचा स्टँड आणि बोल्ट दर वर्षी तपासून घ्या, गंजला असेल तर बदला. काम उन्हाळा पेटण्याआधी, फेब्रुवारीतच करून घ्या. तेव्हा कारागिराला कारण शोधावयास सवड असते. माणूस आला की पट्टा विचारा, नसेल तर काम उद्यावर टाका. अर्थिंग ठीक आहे ना, ते पाहा. हल्लीच्या पुष्कळ नव्या यंत्रांतला आर-32 हा गॅस थोडाफार पेट घेणारा आहे. काम चालू असता खोलीत दिवा, उदबत्ती नको आणि खिडक्या उघड्या असाव्यात. जुना गॅस हवेत सोडून देऊ नका, असेही त्याला सांगा. पूर्वीच्या यंत्रांतल्या गॅसने आकाशातले ओझोनचे कवच विरते म्हणून 1987 साली मॉन्ट्रिअलला जगातील राष्ट्रांनी करार केला. नवे गॅस कवचाला धक्का लावीत नसले तरी त्यांतले बहुतेक पृथ्वीला तापवतातच. आपली खोली गार करताना नातवंडांचे अंगण तापवू नये, एवढेच.

शेवटी एक. आपल्या मंडळाकडे लग्नकार्यासाठी भाड्याने द्यावयाची मोठी पातेली आहेत, सतरंज्या आहेत. त्यांच्या शेजारी दोन चांगले पट्टे आणि दोर आपण ठेवू या का? ज्या लहान कारागिराला पट्टा घेणे परवडत नाही, त्याला तो आपल्याकडून विनामूल्य नेता यावा. पहिला पट्टा माझ्या दुकानाचा. तो मी आज बरोबर आणला आहे आणि तो आणून देण्यास आमचा तोच मुलगा आला आहे. तो दारापाशी उभा आहे. लाजतो आहे, आत येत नाही. त्याला कोणीतरी आधी पाणी द्या.